वायसरचा पाइप

माझ्या भावाला सगळे वायसर म्हणतात. लहानपणी तो नळातल्या वायसरसारखा गोल आणि चपटा होता, आणि कुठल्याही फटीत जाऊन बसायचा, म्हणून आमच्या वडिलांनीच ते नाव पाडलं. पुढे त्यानं धंदाही नळकामाचाच धरला, मग नाव कायमचं चिकटलं. आता त्याचे केस पांढरे झालेत, खाली बसला की गुडघे कुरकुरतात, तरी तो वायसरच. मी त्याची मोठी बहीण. जन्मभर शिवणकाम केलं, डोळ्यांनी दगा दिला तेव्हा शिलाईमशीन झाकून ठेवलं. माझ्या जिभेला हाड नाही असं आमच्या घरात सगळेच म्हणतात आणि ते खरं आहे. म्हणून तर हे सांगताना मला माझीच चीड येते.

एके दिवशी त्याचा फोन आला. "ताई, येशील का थोडे दिवस? बाग नीट करायचीय."

मी म्हटलं, "अरे, मला बागेतलं काय कळतंय? मी आपली कापडावर फुलं काढणारी."

"तेवढं पुरे. मला तर तेही येत नाही." मग आवाज खाली आणून म्हणाला, "पुढच्या महिन्यात तिला घरी सोडतायत."

मी पिशवी भरली.

ती म्हणजे माझी भावजय. उन्हाळा सुरू होत होता तेव्हा स्वयंपाकघरात भाजी चिरता चिरता कोसळली. मेंदूत रक्ताची गाठ झाली होती. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. आधी मोठं हॉस्पिटल, मग व्यायाम करून घेतात ते केंद्र, असं करत उन्हाळा सरला, पाऊस यंदा नावापुरताच पडून गेला आणि थंडी तोंडावर आली. डॉक्टरांनी वायसरला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की शब्द यायचे असतील तर पहिल्या काही महिन्यांतच येतात, पुढे पुढे अवघड होत जातं. घरी नेलं की तिच्या ओळखीच्या वस्तू तिला दाखवा, हातात द्या, तिच्या जिवाजवळचं जे काही असेल त्यात तिला बसवा. वायसरनं ते बोलणं अगदी मुठीत धरून ठेवलं होतं. जिवाजवळचं म्हणजे काय, हे त्याला विचारावं लागलं नाही.

स्वयंपाकघराच्या मागच्या दाराबाहेर तिची बाग होती. फार मोठी नाही, तीन बाजूंनी भिंत, मधे एक खाट टाकायची म्हटली तरी झाडं सरकवावी लागतील एवढी. कोपऱ्यात लिंबू, भिंतीलगत गुलाब, लोखंडी कमानीवर जाईचा वेल, दारापाशी पुदिना. ती आमच्या वायसरशी कामापुरती बोलायची आणि झाडांशी बसून गप्पा मारायची. लिंबाला तर चक्क रागवायची. मी तिला चिडवायचे, "अगं, नवऱ्याशी एवढं बोलली असतीस तर तो सुधारला असता." ती म्हणायची, "झाडं मधेच उठून पाना शोधायला जात नाहीत." तेव्हा ती बोलेल तर तिथंच बोलेल, असं वायसरच्या डोक्यात बसलं होतं, आणि खरं सांगायचं तर माझ्याही.

मी पोचले, चहाही न घेता मागचं दार उघडलं आणि कपाळाला हात लावला.

लिंबाची पानं कडेनं जळल्यासारखी तपकिरी झाली होती आणि खाली सडा पडला होता. गुलाबाच्या काटक्या उरल्या होत्या. पुदिन्याच्या जागी वाळलेल्या दोऱ्यांचं भेंडोळं. जाईला मात्र वरच्या टोकाला थोडी हिरवी पानं होती. एवढ्या महिन्यांत बागेकडे कुणी बघितलं नाही म्हटल्यावर मी तण गुडघ्याएवढं माजलेलं असेल असं धरून आले होते. तण माजलं होतं खरं, पण तेही जागच्या जागी करपून उभं होतं.

मी म्हटलं, "वायसर, बाग वाळवलीस ते समजू शकते. तण कसं मारलंस रे? जगात कुणाला जमत नाही ते."

तो हसला नाही. म्हणाला, "ताई, एक दिवस पाणी चुकवलेलं नाही मी. बघ."

आणि मग त्यानं मला तो पाइप दाखवला.

त्यांच्याकडे पाणी फार जड येतं. नळांवर पांढरे थर बसतात, साबणाला फेस येत नाही. म्हणून न्हाणीघराच्या मागं त्यानं पाणी मऊ करायचं मशीन बसवलंय. अशी मशीनं त्यानं गावभर बसवलीत, तोच त्याचा धंदा. त्यात मिठाच्या गोण्या रिकाम्या कराव्या लागतात, आणि दर दोनतीन दिवसांनी, सगळे झोपले की मशीन आपलं आपण स्वतःला धुऊन घेतं. ते धुतलेलं पाणी गटारात सोडतात. भावजय हॉस्पिटलात पडली त्या आठवड्यात, एका दुपारी कपडे न्यायला घरी आला असताना, वायसरनं ते गटारात जाणारं तोंड बंद केलं आणि तिथून पाइप काढून बागेत फिरवला. भिंतीच्या कडेकडेनं, प्रत्येक झाडापाशी बारीक भोक पाडून. काम बघण्यासारखं होतं. कुठे वाकडं नाही, कुठे लोंबत नाही, दर हातावर चिमटा.

"मी तिथं तिच्या उशाशी असायचो," तो म्हणाला, "पण मला माहीत असायचं, घरी पाणी घातलं जातंय. आपोआप. आणि थेंब वाया न जाता."

शाबास म्हटलं मी. का नाही म्हणणार? आम्ही कुठल्या घरात वाढलो ते सांगायला हवं. आमच्याकडे पाणी दिवसाआड यायचं आणि वडिलांचा नियम एकच होता, पाणी फेकायचं नाही. तांदूळ धुतलेलं पाणी झाडाला, भांडी विसळलेलं झाडाला, तोंड धुतलेलंही वाटीत धरून झाडाला. मी एकदा अर्धी बादली मोरीत ओतली म्हणून दिवसभर माझ्याशी कुणी बोललं नव्हतं. वायसर जन्मभर लोकांच्या घरी ते मशीनचं पाणी गटारात सोडत आला आणि दरवेळी त्याचा जीव हळहळत आला. तेव्हा त्या पाइपकडे बघून मलासुद्धा बरंच वाटलं. वडील असते तर त्यांनी पाठ थोपटली असती.

लागलो कामाला. वाळलेलं तण उपटून काढलं. फांद्या छाटल्या. माती दगडासारखी घट्ट झाली होती, कुदळ उसळून यायची. वरती पांढरी साय धरलेली दिसली, तर वायसर म्हणाला भिंतीचा चुना उतरत असेल. मी खरवडून बाजूला केली. रोपवाटिकेतून नवी रोपं आणली, पुदिना, झेंडू, दोन गुलाब. माझी कंबर धरली, हातांना फोड आले, वायसरच्या तोंडात मात्र एकच, "ती येईपर्यंत धरायला पाहिजेत, ताई." मोबाइलवर तो तिला केंद्रात फोटो दाखवायचा. परत आला की मी विचारायचे, काही बोलली का? तो मान हलवायचा. "बघत होती पण," असं म्हणायचा.

रोपं धरेनात. लावली त्या दिवशी टवटवीत, मग पानांच्या कडा तपकिरी, मग मान टाकायची. बघणाऱ्याला वाटावं तहानलीयत. मी म्हटलं, "पाणी कमी पडतंय रे." वायसर म्हणाला, "मलाही तेच वाटतंय." त्यानं मशीनच्या खटक्यावर काहीतरी फिरवलं आणि रोज धुवायला लावलं. आता रोज सकाळी माती ओली असायची. रोपं आणखी लवकर गेली. तो दुकानातून मिठाची गोणी खांद्यावर घेऊन आला तेव्हा मी दारातच होते. "मीठ फार लागायला लागलंय," तो म्हणाला आणि आत गेला. मी ऐकलं. ऐकून पुढे काही विचार केला नाही. मला तेव्हा फक्त एवढंच सुचलं की दमलाय, चहा टाकावा.

शेजारी एक निवृत्त मास्तर राहतात. ते भिंतीवरून डोकं काढून म्हणाले, "आता फरशी घालून टाका. स्वच्छ. खुर्ची फिरवायलाही सोपं." बोलणं वाईट हेतूचं नव्हतं. पण वायसरचा चेहरा असा पडला की मी मास्तरांना म्हटलं, "तुमच्या डोक्यावरही घालू का थोडी?" ते आत गेले आणि नंतर दोन दिवस दिसले नाहीत.

मग एका सकाळी मी जाईच्या मागं लागले. ती एकटी अजून तग धरून होती, तिच्या फांद्या कमानीला नीट बांधाव्यात म्हणून सुतळी घेऊन स्टुलावर चढले. सुतळी कमानीच्या कडीतून ओवायची होती आणि टोकाचे धागे सुटलेले. आता आम्ही शिवणकाम करणाऱ्या बायका सुटलेलं टोक दिसलं की काय करतो? ओठात धरतो, ओलं करतो, पीळ देतो. जन्माची सवय, हात आपोआप तोंडाकडे जातो. सुतळीचं ते टोक सकाळपासून जमिनीवर पडलेलं होतं. मी ते ओठात धरलं आणि तोंड खारट झालं.

घाम असेल म्हटलं. ओठ पुसले, चूळ भरली, दुसरं टोक धरलं. तेही खारट.

मी स्टुलावरून उतरले. जमिनीवरची पांढरी साय बोटानं उचलून जिभेला लावली. मग भिंतीपाशी जाऊन पाइपच्या भोकाखाली बोट धरलं. रात्रीचा एक थेंब लोंबत होता, तो चाटला. मग न्हाणीघरामागं गेले, मशीनच्या टाकीचं झाकण उघडलं, आत डोकावले. मीठ. टाकीभर मीठ, आणि ते रोज पाण्यात विरघळून मशीनमधून फिरून बागेत जात होतं. आम्ही बाग खारवत होतो. माणूस लोणच्याला घालतो त्याच्याहून जास्त मीठ आम्ही त्या झाडांच्या मुळांशी ओतलं होतं, आणि मान टाकली की तहान लागली म्हणून आणखी.

वायसर केंद्रात गेला होता. मी तडक जाऊन मशीनपाशी पाइप उपटला. तिथं त्यानं तो नुसता हातानं बसवला होता, निघाला. आता पाणी तिथंच सांडून गटारात जाणार होतं. मग पुढच्या नळावर गेले. मशीनला न गेलेलं, साधं जड पाणी तिथं येतं. तिथून बादल्या भरभरून घरातून मागं नेल्या आणि ओतल्या, माती धुऊन निघेल म्हणून. पाणी मुरेना. वरच उभं राहिलं, डबक्यासारखं.

वायसर आला तेव्हा मी सहाव्या की सातव्या बादलीवर होते आणि घर सगळं ओलं. त्याला सांगायचं म्हणून मी तोंड उघडलंच होतं. तर तो दारात उभा राहून माझ्याकडे बघायला लागला, आणि मी आल्यापासून पहिल्यांदा त्याच्या तोंडावर हसू आलं.

"ताई, तू पण तिच्यासारखीच. तीही अशीच पुढून बादल्या आणायची. मी किती सांगायचो, मागं नळ आहे, मशीनचं मऊ पाणी आहे, ते घाल. तर म्हणायची, ते झाडांना नको. मी म्हणायचो, आपल्याला चालतं तर झाडांना काय धाड भरलीय? ऐकायची नाही. वेडीच होती."

म्हणजे तिला माहीत होतं. मशीनचं नेहमीचं पाणीसुद्धा ती झाडांना घालत नव्हती, आणि यानं तर मिठाचं धुवण घातलं होतं. त्या हसऱ्या तोंडाकडे बघून मी म्हटलं, "व्यायाम म्हणून आणत होते." आणि बादली खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठून मागं गेले तर वायसर मशीनपाशी उकिडवा बसलेला. हातात पाइप चिकटवायच्या सोल्युशनची डबी. "पाइप निसटला होता," तो म्हणाला. "हातानं बसवलेला, सुटणारच. रात्रीचं सगळं पाणी गटारात गेलं बघ. आता पक्का केला. आता करवतीनंच निघेल."

तेव्हा मात्र मी बोलले. अगदी गप्प होते असं नाही. म्हटलं, "वायसर, मला वाटतं त्या पाण्यात क्षार असतील. झाडांना सोसत नसेल."

"क्षार तर काढून टाकतं मशीन," तो म्हणाला. "आयुष्य गेलं माझं यात. मला शिकवतेस?"

"मीठ रे. मीठ जात असेल."

"मीठ आत पाणी मऊ करणाऱ्या गोळ्या असतात त्यांना लागतं, ताई. पाणी नुसतं धुऊन जातं." असं म्हणून त्यानं डबीचं झाकण लावलं, बराच वेळ लावत बसला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "तिथं तिला पाणी पाजायला बंदी होती. गिळता येत नव्हतं ना, छातीत जाईल म्हणाले. नळीनं सगळं. ती ओठ चाटायची. माझ्याकडे बघायची आणि ओठ चाटायची. समोर तांब्या भरलेला आणि मला एक चमचा देता येत नव्हता. कितीतरी आठवडे. मग मी तिला सांगायचो, तुझ्या बागेला पाणी जातंय हं. तेवढंच सांगायला होतं माझ्याकडे."

आता तुम्ही सांगा, यावर मी काय बोलणार होते? दुसरं कुणी असतं तर बोललं असतं कदाचित. मी मात्र मिठाची गुळणी धरून बसले. मला वाटलं, बाग तर गेलीच आहे, आता कुणी काही केलं तरी महिन्याभरात परत यायची नाही. मग याला कशाला सांगायचं? किडीनं गेली म्हणू. माती जुनी झाली म्हणू. भावजय येऊ दे, थोडी स्थिरावू दे, मग एक दिवस मी सावकाश करवत घेईन. आणि तिला जरी माहीत असलं तरी ती काही सांगू शकणार नाही, असंही माझ्या मनात आलं. लपवून काय करू, आलं. तिच्या मुकेपणाचा मला आधार वाटला.

तिला आणायच्या आदल्या दिवशी जाईही गेली. मी किडीवर ढकललं, त्याला ते पटलं. वायसरनं जाऊन कुंड्या आणल्या, फुलं असलेल्या, आणि त्या करपलेल्या जमिनीवर ओळीनं मांडल्या. "लांबून बरं दिसतंय," तो म्हणाला. मी म्हटलं, "हो, दिसतंय."

सकाळी गाडी आली. तिला खुर्चीत बसवून आत घेतलं. केवढीशी झाली होती. केस कापलेले, उजवा हात मांडीवर वळून पडलेला, ओठ एका बाजूला ओढलेला. पण डोळे तेच. मला बघून तिनं डावा हात पुढे केला, मी धरला, आणि दोघींनी थोडं रडून घेतलं. मग तिनं मान फिरवली, मागच्या दाराकडे.

"बघ, ताई," वायसर म्हणाला. "तिकडेच जायचंय तिला." त्यानं खुर्ची दारातून बाहेर काढली, उंबऱ्यावर फळी टाकून ठेवली होती आधीच.

ती बघत राहिली. आधी कुंड्यांकडे, मग त्यांच्या मागं लिंबाच्या खोडाकडे, गुलाबाच्या काटक्यांकडे, कमानीकडे. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला वाचता येईना. वायसर तिच्या शेजारी खाली बसला, गुडघे कुरकुरले.

"कीड पडली गं," तो म्हणाला. "मी पुष्कळ केलं. पण पाण्यावाचून नाही ठेवलं. एक दिवस नाही. हे बघ." आणि त्यानं पाइपकडे बोट दाखवलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, तो कुठून निघतो, कुठून वळतो, प्रत्येक झाडाशी कसं भोक आहे. "मशीनचं धुवण. फुकट जायचं ते. तू तिथं होतीस आणि इथं आपोआप जात होतं."

तिची नजर त्याच्या बोटाबरोबर पाइपवरून फिरली, मशीनपर्यंत गेली आणि तिथं थांबली. मी दारात उभी होते.

डॉक्टरांनी सांगितलं होतं हातात द्या, म्हणून वायसरनं वाकून एक ढेकूळ उचललं आणि तिच्या डाव्या हातात ठेवलं. पूर्वी ती अशीच माती मुठीत दाबून बघायची, पाणी हवंय की नको ते. तिची मूठ मिटली. ढेकूळ फुटलं. अंगठ्यानं तिनं ते चोळलं आणि पांढरी पूड बोटांना लागली. मग तिनं हात तोंडाकडे नेला.

"अगं, नको," वायसर म्हणाला आणि मनगट धरलं, पण जिभेचं टोक लागून गेलं होतं.

मग तिनं त्याच्याकडे बघितलं. राग होता म्हणावं तर तसं नव्हतं. तिनं मनगट सोडवून घेतलं आणि ती मातीची बोटं त्याच्या ओठांवर ठेवली. नुसती ठेवली नाहीत, दाबली, लहान मुलाला घास भरवताना दाबतात तशी.

वायसरला हसू फुटलं. "ताई, भरवतेय बघ मला," तो म्हणाला. बोलताना ओठ हलले आणि माती आत गेली.

त्याचं हसू तसंच राहिलं थोडा वेळ, चेहऱ्यावर विसरल्यासारखं. मग गेलं. त्यानं जीभ ओठांवरून फिरवली. परत फिरवली. उठला, माझ्या बाजूनं मशीनपाशी गेला. टाकीचं झाकण उघडल्याचा आवाज आला.

परत आला तेव्हा तो माझ्यासमोर उभा राहिला. "तुला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"तू सोल्युशन लावलंस त्याच्या आधीपासून."

तो "बरं" म्हणाला. शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. मी सांगितलं असतं तर ते माझ्या तोंडून आलं असतं, माझ्यावर चिडला असता, चार दिवस जेवला नसता, पण ते बहिणीकडून असतं. मी त्याला वाचवायला गप्प बसले आणि ते त्याला तिच्याकडून कळलं, वाचा गेलेल्या बाईकडून, पहिल्याच दिवशी. तिनं सांगायचं म्हणून केलं, की ती एवढी गोंधळलेली होती की खरंच भरवत होती, मला ठरवता येत नाही. वायसरनं ठरवून टाकलंय. तो म्हणतो तिनं सांगितलं.

त्यानं त्याच दुपारी करवत घेऊन पाइप कापला. वेळ लागला, कारण जोड त्याचेच होते आणि पक्के होते. मग तिची खुर्ची आत आणून खोलीकडे तोंड करून लावली. तिनं डाव्या पायानं जमिनीला रेटा देत देत ती परत दाराकडे फिरवली. त्यानं परत वळवली. तिनं परत फिरवली. शेवटी त्यानं नाद सोडला आणि तिची जुनी बादली शोधून काढली.

मी आणखी थोडे दिवस राहिले. मास्तर एकदा भिंतीवरून म्हणाले की अशी जमीन गोड्या पाण्यानं धुवत राहिलं तर दोनतीन वर्षांत सुधरते कधी कधी, आणि कधी कधी नाही. मी त्यांना काही उलट बोलले नाही. व्यायामाच्या बाई येतात, तिच्याकडून तोंडाचे आवाज काढून घ्यायचा प्रयत्न करतात. डॉक्टरांनी सांगितलेले महिने आता संपलेत. शब्द आला नाही. एकही नाही.

वायसर अजून धंद्यावर जायच्या आधी पुढच्या नळावरून बादल्या आणतो. ती दारात बसलेली असते. तिच्यासमोरून तो जातो, ओततो, आणि पाणी खाली जातंय का ते बघत उभा राहतो. मी फोन केला की आधी तिची चौकशी करते, मग विचारते, मुरतंय का रे थोडंतरी?

तो म्हणतो, नाही, ताई. वरच राहतंय.